खालची ताडपत्री

सोनगीरजवळ महामार्गाला लागायच्या जरा आधी एक गतिरोधक आहे. त्याचे पांढरे पट्टे कधीच पुसले गेलेत. मुख्तारला तो पाठ होता, तरी त्या सकाळी गाडी त्यावर आदळली आणि मागे लोखंडावर लोखंड वाजलं. ट्रकच्या मागच्या फाळक्याची कडी निसटली असणार. त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. भुरभुर पाऊस होता. फाळका किंचित उघडला होता आणि फटीतून मक्याच्या वाळक्या चाऱ्याची कुट्टी थोडीथोडी रस्त्यावर गळत होती. त्याने खांद्याने फाळका दाबला, कडी बसवली, वरून खिळा ठोकला आणि सवयीने फळीची कड तळहाताने पुसली. तळहाताला कुट्टीचे तुकडे चिकटले आणि त्यांच्यासोबत काही पांढरे दाणे. साबुदाण्याहून बारीक, गोल. मीठ असेल, असं त्याच्या मनात आलं. गुरांना मीठ लागतं, कोणीतरी भरताना टाकलं असेल. मग तळहाताच्या मधोमध, पावसाने ओल्या झालेल्या कातडीवर, एक गार ठिपका उमटला. तो पसरला. पावसाचा गारवा वरून लागतो. हा आतून वर येत होता, जणू हाताखाली कोणी बर्फाचा खडा धरला होता. मुख्तार हात पुढे धरून तसाच उभा राहिला. दाणे विरघळत होते आणि हात गार होत होता. आयुष्यभर वाहिलेल्या मालांत ओल्या हातावर असं करणारी एकच वस्तू होती, युरिया.

केबिनमधून लीलाधर नानांनी डोकं बाहेर काढलं. नाना शिंदखेड्याकडचे, पूरग्रस्त गुरांसाठी चारा दिलेल्या गावातले. माल योग्य हातात पडतो की नाही ते बघायला गावाने त्यांना सोबत धाडलं होतं. धोतरावर नातवाचं जाकीट, कानाला मफलर. “काय झायं रे मुख्तारभाऊ? पंचर शे का?”

“नही, नाना. कडी निंघेल व्हती.”

“मंग काबर हात देखी ऱ्हायना? ज्योतिषी व्हयी ग्या का?”

मुख्तारने हात पँटला पुसला. पुन्हा पुसला. केबिनमध्ये चढून त्याने गिअर टाकला तेव्हा गिअरची मूठ त्याला गरम लागली. नाना हसत होते. हसताना त्यांचे पुढचे दोन दात दिसत. एवढ्या वयात एवढे दात राहिले म्हणजे चाऱ्यावर वाढल्याची खूण, असं ते स्वतःच सकाळी म्हणाले होते आणि भरणाऱ्या बाया खिदळल्या होत्या.

महामार्ग मोकळा होता. पुढे ट्रकमालक संघटनेच्या गाड्या निघून गेल्या होत्या. डावीकडे सोनगीरचा किल्ला ढगात अर्धा बुडालेला. मुख्तारच्या डोळ्यांसमोर मागच्या फेरीतला धुळ्याचा रेल्वे मालधक्का होता. वॅगनमधून युरियाच्या गोण्या उतरत होत्या. एका हमालाचा आकडा गोणीत जरा जास्तच रुतला आणि गोणी पोटातून फाटली. हमाल म्हणाला, “बारदान दे, भरून टाकतो,” आणि त्याने खरंच ओंजळींनी बरंचसं भरलं होतं. उरलेलं फळ्यांच्या फटीत गेलं. पारोळ्याला माल उतरवून परत येताच हितेंद्रचा फोन आला. हितेंद्र संघटनेचा तरुण अध्यक्ष, बापाच्या गाड्या सांभाळणारा. पूर्व जळगावात नदी गावांत शिरली आहे, गोठे वाहून गेलेत, वाचलेली गुरं उपाशी आहेत. चारा मिळतोय, गाड्या हव्यात, भाडं कोणी घ्यायचं नाही. मुख्तारने वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं होतं. मग खराट्याने ट्रकचा हौदा झाडला. धुवायचा विचार आला होता. तो विचार त्याला अगदी स्पष्ट आठवत होता, नळी हातात घेतल्याचंही आठवत होतं. पण धुतला तर फळ्या ओल्या राहणार, ओल्या फळ्यांवर कुट्टी टाकली की तिला बुरा चढणार, आणि बुरशी लागलेला चारा देणं बरं नाही. त्याने नळी खाली ठेवली. त्यात काही चूक नव्हती. आणि तशीही खाली ताडपत्री येणारच होती.

सुटा माल भरायचा म्हणजे एक ताडपत्री खाली, एक वर. धान्य असो, मका असो, कुट्टी असो. खालची ताडपत्री अंथरायची, तिचे काठ फळ्यांवर चढवायचे, मग माल. गाडीला काल काय लागलं होतं ते आजच्या मालाला कळू द्यायचं नाही. हे त्याला कोणी शिकवल्याचं आठवत नव्हतं. स्टिअरिंग धरायला येतं तसं ते येत होतं. नानांच्या गावात कुट्टीचं यंत्र चालू होतं, बाया पाट्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि साक्रीकडून काळंभोर आभाळ चढून आलं होतं. भिजली तर सगळी मेहनत गेली. मुख्तारने वर बघितलं आणि दोन्ही ताडपत्र्या वरच घ्यायच्या असं ठरवलं. एक जुनी, ठिगळांची. तिच्यावर दुसरी नवी, रश्शीने आवळून. पाणी शिरायला कुठे जागा ठेवली नाही. नाना म्हणाले होते, “नवरीगत झाकी गाडी.” त्याला बरं वाटलं होतं. ज्यांना तो ओळखतही नव्हता त्यांच्या गुरांसाठी त्याने स्वतःच्या भाड्याच्या मालाला कधी घेतली नसती एवढी काळजी घेतली होती. तळहात पँटवर घासत तो आता हेच पुन्हा पुन्हा बघत होता: वर दोन. खाली काही नाही.

किती असेल? मूठभर असेल, पाटीभर असेल. झाडल्यावर फटीतलं तेवढं उरलं असेल. गाडी हलली की फटीतलं वर येतं आणि कुट्टीत मिसळतं. वरची कुट्टी चांगलीच आहे. मधली चांगली आहे. खाली, फळ्यांना लागून, एक थर. सगळा माल वाईट नाही, हे त्याने मनात स्वतःला सांगून पाहिलं. ऐकायला बरं होतं. पण नरडाण्याजवळच्या एका मळ्यातली गाय त्याने पाहिली होती, फवारणीसाठी युरिया कालवलेल्या पिंपात तोंड घालून आलेली. मालकाने वासराचं दावं सोडेपर्यंत ती पडली होती. पोट डाव्या बाजूने ढोलासारखं, ओठ थरथरत, तोंडाला फेस. आणि ती तर खाऊनपिऊन असलेली गाय होती. उपाशी जनावर निवडत बसत नाही.

धुळ्याच्या वळणावर मंडप टाकला होता. चाऱ्याच्या गाड्यांना तरुण मुलं पाण्याच्या बाटल्या देत होती, बोनेटवर हार घालत होती. “काका, दोन मिनिटं, गाडीवरचा बॅनर सरळ करतो,” म्हणत एक जण ताडपत्रीवर चढला. मुख्तारने आरशातून त्याचा हात पाहिला. मनगटात जाड चांदीचं कडं. मागच्या वर्षी, याच रस्त्यावर, असंच कडं असलेल्या हाताने ताडपत्रीचा कोपरा उचलला होता. रस्ता अडवलेला, पोरं गाडीभोवती, आत काय आहे ते सांग. कांदा आहे, असं त्याने सांगितलं होतं, आणि तरी रश्शी कापली गेली होती. मग त्या हाताने आतला एक कांदा काढून बघितला आणि मागे वळून म्हटलं होतं, “कांदाच आहे रे, चला.” बस, एवढंच. मार नाही, शिवी नाही. कापलेल्या रश्शीला गाठ मारून तो नाशिकपर्यंत गेला होता आणि घरी काही बोलला नव्हता. हा तोच मुलगा होता का, हे नक्की सांगता आलं नसतं. कडं बाजारात कोणालाही मिळतं. मुलगा खाली उतरून खिडकीशी आला. “घ्या काका, पाणी. तुमचं काम लई मोठं आहे.” मुख्तारने बाटली डाव्या हाताने घेतली. उजवी मूठ उघडली तर त्यातलं काही दिसेल असं उगाच वाटलं. मुलाने ते पाहिलं नाही. त्याने नानांना नमस्कार केला आणि दोघांचा फोटो काढला. संध्याकाळी त्या गावात एखादी गाय पडली तर हाच फोटो फिरेल. हाच. मुख्तारने आरसा हलवून दुसरीकडे केला.

थोड्या वेळाने घरून बायकोचा, नसीमचा फोन आला. फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर येऊन पोचला होता. “हार अच्छा दिख रहा था,” ती म्हणाली. “अपना फैज सबको दिखा रहा है. खाना खाया क्या?” तो हो म्हणाला. त्याचा आवाज ती ओळखते. “क्या हुआ?” काही नाही, रस्ता खराब आहे, असं सांगून त्याने फोन ठेवला. रस्ता आरशासारखा होता. नानांनी एकदा त्याच्याकडे बघितलं.

हितेंद्रला सांगावं. सांगितलं तर हितेंद्र लगेच ग्रुपवर टाकणार, त्याला थांबणं जमत नाही. मग सगळ्या गाड्या जिथे असतील तिथे थांबतील, कोणाच्या हौद्यात काय होतं याची चौकशी होईल, कोण खत वाहत नाही या दिवसांत, आणि दुपारपर्यंत चारा नावाची गोष्टच संशयाची होईल. गुरं उपाशी राहतील. हे खरं होतं, आणि हे त्याच्या सोयीचंही होतं. दोन्ही कसं वेगळं करायचं ते त्याला कळेना. नानांना सांगावं आणि एखाद्या पेट्रोल पंपावर माल उतरवावा? पावसात, डांबरावर, कोणाच्या हातांनी? की काहीच बोलू नये. तिथे पोचल्यावर वरून, पाट्यांनी माल काढायचा. आपण हौद्यात उभं राहायचं, आणि फळ्यांपासून हातभर राहिलं की म्हणायचं, बस, खालचं भिजलंय, ते राहू द्या. परत येताना खड्डा करून पुरून टाकायचं. कोणाला काही कळणार नाही आणि कोणाचं काही जाणार नाही. एरंडोल गेलं तेव्हा हा विचार पक्का झाला होता. पक्का झाल्यावर त्याला भूक लागेल असं वाटलं होतं, लागली नाही.

त्याचे अब्बा नालबंद होते. सोनगीरच्या बाजारात, किल्ल्याच्या पायथ्याशी, ते बैलांना नाल ठोकत. बैलाला दोराने आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, एकाने शिंगं दाबायची. लहान मुख्तार खिळे हातात धरून बसायचा. खूर तासताना त्याचा जळक्या शिंगासारखा वास येई. खिळा खुराच्या कडेतून तिरपा बाहेर आला पाहिजे. जरा आत गेला तर मांसात जातो. बांधलेला बैल ओरडत नाही, लाथ मारू शकत नाही. त्याच्या खांद्यावरची कातडी फक्त थरथरते, माशी बसल्यासारखी. एका बाजारात मुख्तारने ती थरथर पाहिली होती आणि अब्बांनीही पाहिली हे त्याला दिसलं होतं. हातोडी हवेत क्षणभर राहिली. मग अब्बांनी पुढचा खिळा मागितला. गर्दी होती, मागे रांग होती, शेतकऱ्याला उजेडात घर गाठायचं होतं. पुढच्या बाजाराला तो शेतकरी बैलाविना एकटाच आला. भांडला नाही. अब्बांच्या समोर, जिथे बैल पाडत तिथे, मातीत बसून राहिला. बराच वेळ. बाजार उठेपर्यंत अब्बांनी त्याच्याकडे न बघता काम केलं, आणि जाताना त्याच्या हातात काही द्यायला गेले तर त्याने घेतलं नाही. अब्बांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. पण म्हातारपणी, डोळे गेल्यावर, ते कधीकधी हवेत हात पुढे करून बोटं फिरवायचे, अंधारात खूर चाचपत असल्यासारखे. नसीमला वाटे, पाणी मागतायत.

“तुले मालूम शे का,” नाना अचानक म्हणाले, “त्या दुष्काळमा ह्याच पूरवाला लोकेसनी आमले केळीना खांब धाडेल व्हतात. टरकभरी. आमना बैले पहिले खायेत नही, नाक मुरडेत. मंग असा खादा की खांबना पानी भी सोडं नही.” ते खिडकीबाहेर बघत होते. जळगाव मागे पडलं होतं. “बठ्ठा गावनी तव्हय सांगेल व्हतं, आपलीबी पाळी येई. आते उनी. तुन्ही गाडीमा येई ऱ्हायनी.”

मुख्तारने तोंड उघडलं. “नाना,” तो म्हणाला.

“काय?”

समोरून एक डंपर चुकीच्या बाजूने आला. त्याने गाडी कडेला घेतली, हॉर्न दिला, शिवी गिळली. डंपर गेला. नाना अजून त्याच्याकडे बघत होते. “काही नही,” मुख्तार म्हणाला. “खिडकी लायी ल्या. वारं लागस.”

भुसावळ ओलांडल्यावर पुराच्या खुणा दिसू लागल्या. आधी कुंपणांना अडकलेलं गवत आणि प्लास्टिक, मग झाडांच्या बुंध्यांवर माणसाच्या छातीएवढी चिखलाची रेघ. मग केळीचे बाग. ते सगळे एकाच दिशेला झोपलेले होते, घडांसकट, कोणीतरी तळहाताने दाबून सपाट केल्यासारखे. वास येत होता, सडलेल्या पानांचा आणि दुसरा एक, ज्याला नानांनी मफलर नाकावर ओढून उत्तर दिलं. चिंचखोरं गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर हितेंद्रची पांढरी गाडी उभी होती. त्याने हाताने पुढे चला अशी खूण केली. बाकीच्या गाड्या दुसऱ्या गावांना वळल्या होत्या. पुलापलीकडे जायला रस्ताच उरला नव्हता. वाचलेली गुरं गावच्या उंचवट्यावर, शाळेच्या पटांगणात बांधली होती. मुख्तारला ती दिसण्याआधी ऐकू आली. हंबरणं नव्हतं. दावी ताणल्याचा, खुंटे हलल्याचा आवाज होता. इंजिनाचा आवाज ऐकून ती सगळी एकदम उठली होती.

त्याने ठरवलं होतं तसं काहीच झालं नाही. गाडी मागे घ्यायला सांगितली गेली, शाळेच्या भिंतीला लावायला, गुरांच्या अगदी जवळ. “येऊ द्या, येऊ द्या,” कोणीतरी मागून पत्र्यावर थापट्या मारत होतं. तो आरशात बघत होता, भिंत, माणसं, भिंत. त्याने हँडब्रेक ओढला, दार उघडलं, आणि पाय जमिनीला लागायच्या आत मागे खिळा उपसल्याचा आवाज आला. माणसांनी फाळका खोलला होता. सुटा माल पुढून दाबलेला असतो. फाळका पडला की तळाचा थर आधी बाहेर येतो. हे त्याला रोजचं माहीत होतं आणि आज दिवसभर आठवलं नव्हतं. तो वळसा घालून मागे पोचला तेव्हा कुट्टीचा ढीग चिखलावर सांडला होता, लोक मागे सरून हसत होते, आणि दावं तोडलेल्या एका म्हशीने ढिगाच्या बुडात तोंड घातलं होतं.

मुख्तारने धावत जाऊन तिच्या तोंडात हात घातला. बोटं जिभेवर, दातांच्या मागे, आत. म्हशीने मान झटकली. त्याने शिंग धरलं आणि तोंडातला चारा ओढून काढला, लाळेसकट, आणि चिखलात फेकला. पुन्हा हात घातला. हितेंद्र मोबाइल उभा धरून होता. “मुख्तारभाई, इकडे बघा,” तो म्हणत होता, आणि मग त्याचा आवाज बंद झाला. सगळेच थांबले. उपाशी जनावराच्या तोंडातला घास काढणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

म्हशीची मालकीण पुढे आली. साठीची, कमरेला पदर खोचलेला, पायांना गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. नंतर सगळ्यांना तिला लताबाई म्हणताना त्याने ऐकलं. “काय करू राह्यला, भाऊ?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, अजून नव्हता. “चार दाताचं जवान जनावर हाय. खाऊ दे ना तिले.”

त्याने सकाळपासून रचलेलं वाक्य तयार होतं: खालचं भिजलंय. ते ओठापर्यंत आलं. म्हशीच्या खांद्यावरची कातडी थरथरली. माशी असेल. चिखलात माश्या होत्याच. मुख्तार वाकला, फाळक्याच्या फटीत नख घालून त्याने दाणे काढले आणि लताबाईंचा हात धरला. बाईमाणसाचा हात असा कोणी धरत नाही; मागून एक पुरुष पुढे सरकला. हात ओला होता. मुख्तारने दाणे त्या तळहातावर ठेवले, बोटं मिटवली आणि म्हणाला, “अक्का, थोडं थांबा.”

ती थांबली. तिच्या चेहऱ्याकडे बघणं त्याला जमेना, म्हणून तो तिच्या मुठीकडे बघत राहिला. मूठ आवळली गेली. मग सैल झाली.

“युरिया,” ती म्हणाली.

“मागच्या फेरीचा. फळ्यांत राहिलेला. खाली ताडपत्री टाकायची होती, मी टाकली नाही. वरचं चांगलं आहे. हे खालचं...” त्याने फटीकडे बोट केलं. एवढंच होतं.

पुढे सरकलेला माणूस, जीवराम त्याचं नाव, फाळक्याला टेकला. “म्हणजे वाहून गेलं ते गेलं, राह्यलेलं मारायले आणलं का? कोणाची गाडी हाय ही?”

“माझी.”

“नाव काय तुझं?”

मुख्तारला वाटलं, हाच तो प्रश्न, धुळ्यापासून गाडीच्या पुढे चाललेला. “मुख्तार नालबंद,” तो म्हणाला. पावसाचे थेंब ताडपत्रीवर पडत होते, एकावर एक असलेल्या दोन ताडपत्र्यांवर, जाड, दबका आवाज करत. हितेंद्रचा मोबाइल खाली गेला होता. तो खाली गेला, खिशात गेला नाही, हेही मुख्तारने पाहिलं.

“मी त्यानाच गाडीमा बठेल व्हतू,” नाना म्हणाले. ते केबिनमधून उतरून आले होते, मफलर हातात. सगळे त्यांच्याकडे वळले. “माले बी सांगं नही त्यानी. सोनगीरपाईन हात पुसी ऱ्हायना, आनि माले सांगं नही.” ते मुख्तारच्या बाजूने बोलत होते की विरुद्ध, हे त्या शब्दांवरून कळत नव्हतं. बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

लताबाईंनी हात लुगड्याला पुसला. “खालच्याले कोणी हात लावू नका,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “पोरींनो, सांडलेलं गोळा करा आन् तिकडे दूर टाका. जनावर सोडू नका कोणी. जीवराम, नुसता उभा काय राह्यला, चिंच आण घरून, असेल तेवढी. कालवून पाजू हिले, आंबटानं इख उतरतं.” मग मुख्तारकडे वळून, भाऊ न म्हणता: “तू हिच्यापाशी बस. ही रवंथ करेपर्यंत उठू नको.”

“डॉक्टर...” हितेंद्र म्हणाला.

“पुलापलीकडं हाय डॉक्टर,” लताबाई म्हणाल्या. “पोहता येतं का तुले?”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

चिंचेचं आंबट पाणी बांबूच्या नळ्याने पाजलं गेलं. अर्धं म्हशीच्या पोटात, अर्धं मुख्तारच्या शर्टावर. मग तो चिखलात उकिडवा बसला, म्हशीच्या डाव्या कुशीला, आणि बरगडीमागच्या खोलगट जागेवर तळहात ठेवला. ती जागा फुगली तर काही करण्यासारखं उरत नाही. ती खोल होती, उपासाने खोल गेलेली. त्याने डोळे मिटले आणि मग उघडले, कारण मिटल्यावर अब्बांची हवेतली बोटं दिसत होती. त्याच्या समोर पायच पाय होते, चिखलाचे. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. त्याला वाटलं, तो शेतकरीही असाच बसला असेल, आणि लगेच वाटलं, नाही, आपण अब्बांच्या जागी बसलोय. आणि मग कोणाच्या जागी कोण हे राहून गेलं, कारण हाताखाली काही हललं का ते बघायचं होतं. म्हशीचा कान हलला. ओठ? ओठ स्थिर होते. पोट थोडं वर आलं. खाली गेलं. ती श्वास घेत होती. दूर सांडलेल्या चाऱ्याचा ढीग होत होता आणि जीवराम तिकडे बघून कोणाला तरी म्हणत होता, “केळीले टाकला असता. पण बागच झोपला. युरिया खाईन कोण?” आता ते हसले, थोडेसे, बरेच जण.

पाऊस थांबला होता की नाही हे मुख्तारला सांगता आलं नसतं. हाताखाली, खोलवर, काहीतरी वळलं. चादरीखाली झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं, सावकाश, मागून पुढे. थोड्या वेळाने पुन्हा. म्हशीने मान लांब केली. गळ्याच्या खालून एक गोळा वर चढताना दिसला, आणि तिचा जबडा हलला, एकदा, आडवा, थांबला, आणि मग आडवा हलू लागला, तिला कोणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा.

मुख्तारने हात काढला नाही. लताबाई कधीतरी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हशीच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मग गाडीकडे. गुरं अजून उभीच होती, दावी ताणून. “वरून काढा आता,” त्या म्हणाल्या. “पाटीनं. खालचं हातभर राहू द्या. आन् चिखलात टाकू नका हो. खाली काही तरी अंथरा.”

माणसं इकडेतिकडे बघू लागली. अंथरायला गावात काही उरलं नव्हतं. नाना गाडीजवळ उभे होते. त्यांनी रश्शीची गाठ सोडायला घेतली होती, पण म्हाताऱ्या बोटांनी ती सुटत नव्हती. मुख्तार उठला. गुडघे वाजले. नानांच्या हातातून त्याने गाठ घेतली, सोडली, नव्या ताडपत्रीचं टोक धरलं आणि ओढलं. नाना त्याच्याकडे न बघता दुसऱ्या टोकाला गेले. दोघांनी ती खाली आणली, पटांगणाच्या मधोमध नेली, उलटी करून कोरडी बाजू वर घेतली. वारा आत शिरून ती फुगली. मुख्तार तिच्यावर गुडघे टेकून पुढे सरकत गेला आणि दोन्ही तळहातांनी एकेक घडी मोडत, कोपऱ्यापर्यंत, ती सपाट करत राहिला.